खडू असेल तिथेच सुई

रफूकाकूंच्या कामाचा न्यायच उफराटा होता: ते दिसलं की बिघडलं. कोटाला भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, चार धागे हळूच ओढून काढायचे आणि ते एकेक करून वर-खाली विणत भोक असं बुजवायचं की खुद्द कोटवाल्याने शोधलं तरी सापडू नये. पस्तीस वर्षं काकू हेच करत आल्या होत्या. ड्राय क्लीनिंगच्या दुकानामागे एक लांबट खोली, तिला उत्तरेकडे मोठी खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर मान वाकवता येणारा दिवा, गोल भिंग आणि सुयांची डबी. त्यांचं काम कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना केवढा तोरा.

दुकानाचा मालक टक्कल पडलेला, बोलघेवडा, पण धंद्याला पक्का. कपडा घेताना तो उजेडात धरून निरखायचा, भोक दिसलं की शिंप्याच्या चपट्या खडूने त्याभोवती पांढरा गोल काढायचा, चिठ्ठी टाचायचा आणि मागे पाठवायचा. या खडूचा काकूंना मनापासून राग. "मला भोक दाखवायला खडू लागतो होय रे?" त्या म्हणायच्या. "तू गोल काढलेलं एक, मी शोधलेली तीन." आणि तसंच असायचं. खडू हा त्यांच्या लेखी शिकाऊ माणसांसाठी होता, आणि त्या शिकाऊ होत्या त्याला युगं लोटली होती.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपला आपण हलायला लागला. हात रिकामा मांडीवर पडला की थरथरे, सुई धरली की गुमान कामाला लागे. डॉक्टरीणबाईंनी पार्किन्सन म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि तेव्हापासून जो तो काकूंच्या हाताकडे बघायला लागला. शेजारीण बघे, मालक बघे, त्यांनी पेला उचलला की सगळं घर श्वास रोखून धरे. घर म्हणजे तरी कोण, एकटा नवरा. पण काकूंना हाताचं एवढं काही वाटत नव्हतं. खरं जे चाललं होतं ते हातात नव्हतंच, आणि ते कुणाला दिसत नव्हतं.

एक तर वास. कापड कसलं आहे हे ठरवायला रफूवाले एक धागा काढून जाळतात. लोकरीला जळक्या केसांचा वास, सुताला जळक्या कागदाचा, नकली धाग्याला प्लास्टिकचा. दहा वर्षांपूर्वी, थरथरीचं नावही नव्हतं तेव्हा, काकूंनी धागा जाळला आणि नाकाला काहीच लागलं नाही. दुसरा जाळला, तिसरा जाळला. मग त्यांनी नाकाचा नाद सोडला आणि राख चिमटीत चोळून बघायला सुरुवात केली. लोकरीची राख चुरा होते, नकली धाग्याची कडक गोळी. घरी दूध करपून पातेलं काळं झालं आणि नवऱ्याने पलीकडच्या खोलीतून धावत येऊन गॅस बंद केला, तेव्हा "सर्दी झालीय" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. ती सर्दी दहा वर्षं टिकली.

आणि दुसरी ती गिऱ्हाईकबाई. वर्षभरापूर्वीची गोष्ट. दुपारचा उजेड मऊ झाला होता, काकूंनी मान वर केली, तर दाराजवळच्या स्टुलावर एक बाई बसलेली. पन्नाशीची, केस मागे बांधलेले, मांडीवर राखाडी कोटाची घडी. ही आत कशी आली, म्हणून काकू मालकाला हाक मारणार तोच सुईतला धागा निसटला. तो ओवून वर बघतात तो स्टूल रिकामं. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर. बोलणं नाही, घाई नाही, नंबर कधी लागेल म्हणून विचारणं नाही. नुसती बसून राहायची, कोटावर हात ठेवून.

पहिले काही दिवस काकू घाबरून स्टुलाकडे बघणं टाळायच्या. मग सवय झाली. मग तर, खोटं कशाला बोला, त्या वाट बघायला लागल्या. आजाराबरोबर त्यांच्या मनावर एक मळभ येऊन बसलं होतं. शेजारणीकडे जावंसं वाटत नव्हतं, कुणी बोलावलं की अंगावर काटा यायचा, खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. अशात एक जण येतं, काही विचारत नाही, हाताकडे बघत नाही. "आलात? बसा," त्या हळूच म्हणायच्या. "आज जरा ढीग आहे." आणि खोलीतला उजेड, पुढे दुकानात चाललेली इस्त्रीची वाफ, स्टुलावरची ती बाई, सगळं एका संथ पाण्यात तरंगल्यासारखं होऊन जायचं.

काकू काही वेड्या नव्हत्या. बाई बसली की स्टुलावरची गादी दबत नाही हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं होतं. ती नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ती दिसते, एवढंच. पण हे सांगायचं कुणाला? सांगितलं की पहिली कात्री जाणार आणि मागोमाग सुई. "काकू, आता आराम करा," असं मालक किती गोड आवाजात म्हणेल, तेही त्यांनी मनात ऐकून ठेवलं होतं. सुई गेली तर आपण कोण, याचं उत्तर काही त्यांना सापडत नव्हतं. म्हणून अळीमिळी गुपचिळी.

नवरा वजनमापांच्या खात्यात निरीक्षक होता. आयुष्यभर दुकानांत शिरून लोकांचे खोटे काटे पकडले. बाजारात त्याला "काटा" म्हणूनच ओळखत. निवृत्त झाला तरी साखर घरी आणून पुन्हा तोलायचा. दर सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे जायचं असे, तेव्हा बाहेरच्या बाकावर प्रश्नांचा कागद भरायला देत. हाताबद्दल त्यात अवाक्षर नाही, सगळं बाकीचंच. निरीक्षकसाहेब चष्मा लावून प्रश्न वाचायचे आणि काकू उत्तरं द्यायच्या.

"वास येतो?"

"येतो."

"मन उदास असतं?"

"छे. लिहा नाही."

"पोट साफ होतं?"

"होतं की."

"हे मी लिहिणार नाही," निरीक्षक म्हणायचे. "रोज सकाळी दाराबाहेर अर्धा तास मीच उभा असतो." तेवढं एक खरं उत्तर कागदावर जायचं. "नसलेली माणसं, नसलेल्या वस्तू दिसतात?" या प्रश्नाला काकू खिडकीबाहेर बघत "नाही" म्हणायच्या, आणि तो सज्जन माणूस निळ्या शाईत नाही लिहायचा.

सकाळी चहाच्या वेळी मात्र काकू मजेत असायच्या, कारण त्यांना स्वप्नं पडत. स्वप्न नेहमी तेच. कोटांची एक प्रचंड वखार, रांगाच्या रांगा, वर कुठूनसा चांदण्यासारखा उजेड, आणि त्या उजेडातून उतरणारी कसर. लोकर खाणारे ते पिवळट किडे, पण स्वप्नात हाताएवढे मोठे, पंखांची धूळ उडवत कोटांवर बसायचे आणि काकू धावत जाऊन त्यांना फटकावायच्या. पाय हलके, हात हलका, थरथर कशी ती नाहीच.

"आज तीन मारल्या," त्या चहाचा घोट घेत सांगायच्या. "एक तर काय माजलेली होती, उठायलाच तयार नव्हती. दोन दणके घातले तेव्हा पडली."

"वा," निरीक्षक म्हणायचे आणि शर्टाच्या बाहीचं बटण लावायचे. ऐन उन्हाळ्यातही ते पूर्ण बाहीचा शर्ट घालायला लागले होते. वयानुसार थंडी वाजते म्हणे.

मग एक दिवस एका वादकाचा काळा कोट आला. कोपरावर मालकाचा पांढरा गोल होता, तेवढं काकूंनी तासाभरात उरकलं. दिव्याची मान फिरवली तर डाव्या छातीवर आणखी एक भोक, मसुराच्या दाण्याएवढं, कडा कुरतडलेल्या. "बघितलंत?" त्या स्टुलावरच्या बाईला म्हणाल्या. "याच्या खडूला हे दिसलं नाही." आतल्या दुमडीतून धागे काढले आणि सगळी दुपार त्यावर घातली. काम असं जमलं की बस. शेवटी, पस्तीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी डोळे मिटून रफूवरून बोट फिरवलं. कोपर सपाट होतं. छातीवर मात्र बोटाला गाठ लागली.

त्यांनी कोट उलटा केला. आतून कापड अखंड होतं. एक धागा तुटलेला नव्हता. धडधाकट कापडावर त्यांनी तीन तास दुसरं कापड विणून ठेवलं होतं.

काकूंनी कोट बाजूला सारला. मग उठून, अंधारी जाईपर्यंत टेबल धरून उभ्या राहिल्या आणि दांडीवरचे सगळे कपडे एकेक करून बघितले. डोळ्यांना भोकं दिसली नऊ. डोळे मिटून बोट फिरवलं तेव्हा भरली दोन. नऊ आणि दोन. डोळे खोटं बोलत होते, बोटं खरं बोलत होती. निरीक्षकाच्या बायकोला खोटा काटा कळायला एवढं पुरे होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी छातीवरचा धागा न् धागा उसवला, आणि निघताना काउंटरवर जाऊन, खाली मान घालून, बोटाला लागेल तेवढ्याच भोकाला खूण करायला, जन्मात पहिल्यांदा मालकाकडे खडूचा एक तुकडा मागितला. मालकाने काही न विचारता दिला. त्याबद्दल त्या त्याच्या कायमच्या ऋणी राहिल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकूंना नवऱ्याच्या अंगावर डाग दिसत होते. आज नाही, कितीतरी महिने. आंघोळ करून पंचा गुंडाळून तो बाहेर आला की दंडावर काळंनिळं काहीतरी, कधी कानाजवळ, एकदा तर डोळ्याखाली. पण काकूंना भिंतीवर डाग दिसायचे, साखरेत मुंग्या दिसायच्या, स्टुलावर बाई दिसायची, आणि यातलं काहीच नसायचं. त्याच पंगतीत त्यांनी हेही बसवून टाकलं होतं. नसलेलं असणार, म्हणून त्या बोलल्या नाहीत. आणि तो म्हाताराही धन्य, बायकोला दिसत नाही या समजात बाह्या ओढून खूश.

काळ्या कोटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक चहा ओतत होते. काकूंनी मागून येऊन डोळे मिटले, त्यांचा दंड हातात घेतला आणि शर्टावरून बोट फिरवलं. निरीक्षक कळवळले. चहा बशीत सांडला.

"काय झालंय इथे?"

"कपाटाचा कोपरा लागला."

काकूंचं बोट कोपराकडे सरकलं. तिथेही तो दचकला. "आणि इथे?"

"कपाट मोठं आहे," निरीक्षक म्हणाले.

ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला गुंजभर खोटं तोलू दिलं नाही, तो कपाटावर ढकलत होता. पण काकूंनी ताणून धरलं नाही. आपण एक विचारलं की तो एक विचारेल, ही भीती. कागद भरायला चारच दिवस उरले होते.

दवाखान्यातलं बाक नेहमीचं, पंख्याची घरघर नेहमीची. निरीक्षकांनी कागद मांडीवर घेतला. वास येतो? येतो. उदास वाटतं? नाही. निरीक्षक वाचत गेले, काकू नाही-नाही म्हणत गेल्या. डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता म्हणून त्यांनी ते मिटूनच घेतले होते. आणि मिटल्यामुळे एक गोष्ट कानाला लागली. पेन कागदावर खरखरलं, पण त्याआधी प्रश्न आलाच नाही.

"अहो, हे काय लिहिलंत?"

"काही नाही, तारीख."

"तारीख वर असते." त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे."

निरीक्षकांनी कागद सहजी सोडला नाही. काकूंनी तो त्यांच्या बोटांतून काढून घेतला, भिंगातून बघायची सवय असलेले डोळे बारीक केले आणि वाचलं. झोपेत ओरडता, हातपाय झाडता किंवा मारता का? सोबत झोपणाऱ्या व्यक्तीला विचारा. पुढे निळ्या शाईत, निरीक्षकांच्या वळणदार अक्षरात, नाही.

डोळ्यांनी दगा दिला असेल म्हणून त्यांनी पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती. कोटांची वखार, चांदण्यासारखा उजेड, माजलेली ती कसर, सगळं त्यांच्या पुढ्यात सावकाश खाली उतरलं.

"परवा मी किती मारल्या म्हणाले होते?"

"तीन," निरीक्षक म्हणाले.

"आणि तुम्हाला किती लागल्या?"

निरीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. "दोन," ते शेवटी म्हणाले. खोटं मोजणं त्यांना जमलंच नाही. "एक उशीला लागली."

काकूंनी कागद मांडीवर ठेवला. "सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या वेगळं झोपा," निरीक्षक म्हणाले. "अडतीस वर्षांत मी एकटा झोपलेलो नाही. आणि तू सकाळी एवढी खुशीत असायचीस. दिवसभरात तेवढीच."

काकूंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही. मग डोळे पुसले, पर्स उघडली, खडू काढला आणि नवऱ्याच्या बाहीचं बटण सोडायला लागल्या. तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखा काकूंचा हात हातात घेतला, मनगट वाकवून बघितलं, छान आहे म्हणाल्या आणि विचारलं, "बाकी काही?"

"नाही, बाकी सगळं ठीक," निरीक्षक सवयीने बोलून गेले.

काकूंनी त्यांची बाही दंडापर्यंत वर सारली, त्यांचा हात टेबलावर ठेवला आणि निळ्या डागाभोवती खडूने गोल काढला. मग दुसऱ्याभोवती. त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता. "हे ठीक नाही," त्या म्हणाल्या. "हे मी केलंय. झोपेत. आणि या कागदावरचं सगळं खोटं आहे, यांनी लिहिलंय पण सांगितलंय मी. दहा वर्षं मला वास येत नाही. मला नसलेली भोकं दिसतात. एक बाई येऊन बसते." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि खडू मुठीत घट्ट धरून म्हणाल्या, "आता सुई काढून घेणार का माझी?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कितीतरी लोक याच खुर्चीत बसून बाकी काही नाही म्हणतात, असं त्या म्हणाल्या. वास जाणं, स्वप्नात हात चालणं, हे थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी येऊन बसलेलं असतं. मनावरचं मळभ आजाराचंच. आणि ती बाईही आजाराची नाहीतर गोळ्यांची. वेडाचा यात संबंध नाही. एक गोळी कमी करू, झोपेसाठी एक देऊ, आणि पलंग तूर्त वेगळे. निरीक्षकांनी मान खाली घातली.

"आणि सुई?"

"दुकानात खडूने खुणा कोण करतं?"

"मालक."

"मग खडू असेल तिथेच लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पस्तीस वर्षांचा तोरा गिळायला काकूंना रस्ताभर वेळ लागला. पण गिळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाला सगळं सांगून टाकलं. तो टकलावरून हात फिरवत एवढंच म्हणाला, "तुम्ही शोधलेली तीन, मी काढलेला एक. आता चारही मीच शोधतो, काय करणार."

घरी दुसरा पलंग आला. दोन्हींमधलं अंतर किती ठेवायचं यावर निरीक्षकांनी टेप काढली. बायकोचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत मोजला, त्यात दोन बोटं मिळवली आणि फरशीवर खूण करून पलंग तिथे लावला. त्यापुढे एक इंचही सरकू द्यायला ते तयार नव्हते.

हळूहळू वखार ओसरली. कसर कमी झाली, मग यायचीच थांबली. काकू सकाळी चहाला गप्प असायच्या, सांगायला काही नसायचं. एक दिवस दुपारी त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या लक्षात आलं की आठवडाभर स्टूल रिकामं आहे. चांगलं झालं, डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग सुई खाली ठेवून त्या बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या. त्यांना ती बाई हवी होती. तिच्या कोटाला कुठे भोक होतं तेही कधी विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक चहा घेऊन आले. आता ते अर्ध्या बाहीचा शर्ट घालायचे. काकूंनी त्यांचा हात धरून आपल्याकडे ओढला, डोळे मिटले आणि मनगटापासून दंडापर्यंत बोट फिरवत नेलं. कुठे गाठ नाही, सूज नाही, कुठे कळवळणं नाही. सुरकुतलेली, ऊबदार कातडी. मग डोळे उघडून त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेला खडू काढला आणि दंडाच्या मधोमध एक गोल काढला.

निरीक्षकांनी चष्मा वर करून बघितलं. "इथे काही लागलेलं नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"तुम्ही आहात," काकू म्हणाल्या. "तेवढीच खूण केली."

निरीक्षकांनी चष्मा खाली केला. चहा झाल्यावर त्यांनी कपबशा विसळल्या, पिशवी घेतली आणि बाजारात गेले. तो गोल त्यांनी दिवसभर पुसला नाही.